गॅरेजच्या भिंतीची ओल: गणपतीत बघा, शिमग्यानंतर खोदा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. चिपळूणहून गुहागरकडे जाताना रस्त्यालगत तुमचं घर आहे आणि शेजारी वडिलांनी १९७९ साली बांधलेलं गॅरेज. भिंती जांभ्याच्या चिऱ्याच्या, वर सिमेंटचे पत्रे, आतून सिमेंटचा गिलावा नंतर कधीतरी केलेला. पश्चिमेच्या भिंतीला लागून आईचा अनंत-जास्वंदीचा वाफा. दर पावसाळ्यात भिंतीचा खालचा दीड-दोन फूट भाग काळवंडतो, पोपडे सुटतात आणि जुलैत भिंत आणि कोबा जिथे मिळतात तिथून पाणी येतं. दुकानदाराने आतून मारायचा रबरासारखा लेप सुचवलाय, १० वर्षांच्या हमीचा. त्यातला कुठला घ्यावा, एवढंच तुम्हाला हवंय.

लेपाचं नाव मी सांगणार नाही, कारण प्रश्न लेपाचा नाहीच. भिंतीच्या बुडाशी पाणी येतं कुठून आणि आलेलं पाणी जाणार कुठे, हा आहे. पाणी बाहेर उभं आहे आणि तुम्ही त्याला आतून अडवायला निघालात. मधली भिंत भिजायची ती भिजतच राहणार.

गेली २८ वर्षं मी दापोलीपासून राजापूरपर्यंत जुन्या घरांची दुरुस्ती करतोय. त्यात ओलीची कामं निम्म्याहून जास्त. आणि तुम्ही जे करायला निघालात ते मी स्वतः एकदा करून बसलोय. सुरुवातीच्या वर्षांत एका बागायतदाराची आंब्याच्या पेट्या ठेवायची खोली होती, अशीच जांभ्याची. मी आतला गिलावा तीन फुटांपर्यंत काढला, वॉटरप्रूफिंग पावडर घालून सिमेंट-वाळूचा १:३ असा कडक गिलावा केला, वरून लेप मारला. पहिला पावसाळा कोरडा गेला. मालकाने खूश होऊन हापूसची पेटी पाठवली. तिसऱ्या पावसाळ्यात फोन आला. जाऊन बघतो तर माझा गिलावा ठणठणीत, आणि त्याच्या बरोब्बर वर, साडेचार फुटांपर्यंत, पूर्वी कधीच ओला न झालेला भाग फुगलेला. पेटी परत करायची सोय नव्हती.

असं का झालं ते सांगतो, म्हणजे पुढचं सगळं कळेल. जांभा सच्छिद्र दगड. खाणीतून काढताना कुऱ्हाडीने तासता येईल इतका मऊ, हवा लागली की कडक होतो, पण छिद्रं राहतातच. जमिनीतली ओल त्यातून वर चढते, दिव्यातलं तेल वातीतून चढतं तशी. चढता चढता भिंतीच्या पृष्ठभागातून तिची वाफ होते. जितकी वाफ उडते तितकी ओल खालीच थांबते. तुम्ही खालचे तीन फूट घट्ट बंद केलेत की वाफेला जागा मिळत नाही, मग ओल उघडी जागा सापडेपर्यंत वर चढते. बरोबर मातीतले क्षार आणते. पाणी उडून जातं, क्षार मागे राहतात, गिलाव्याच्या पोटात त्यांचे खडे होतात, खडे फुगतात आणि गिलावा ढकलून देतात. याला आमच्याकडे लोणा म्हणतात. माझ्याबरोबर काम करणारे एक म्हातारे गवंडी भिंतीवरची पांढरी भुकटी बोटाने घेऊन जिभेला लावायचे. खारट लागली तर म्हणायचे, "ही जमिनीची." चव नसली तर वर बघायचे, पत्रा कुठे गळतोय ते. तुम्ही जीभ लावू नका, पण तर्क बरोबर होता.

आता तुमच्या गॅरेजकडे. घराला जोतं असतं, गॅरेजला नसतं. जुन्या लोकांनी कोकणात घर दोन-अडीच फूट जोत्यावर उचललं ते हौसेने नाही. ३००० मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो तिथे अंगणातलं पाणी भिंतीला लागू द्यायचं नाही, हा हिशेब. पण गाडी पायऱ्या चढत नाही. म्हणून गॅरेजची जमीन अंगणाच्या पातळीला ठेवावी लागते. १९७९ मध्ये ती अंगणापेक्षा चार बोटं वर असेलही. त्यानंतर रस्त्यावर डांबराचे थर चढले, चिखल नको म्हणून अंगणात मुरूम पडला, आणि वाफ्यात दर वर्षी दोन घमेली माती, दोन घमेली शेणखत. आज बाहेरची जमीन आतल्या कोब्यापेक्षा वर असणार असा माझा अंदाज आहे. अंदाजच, कारण मी जागा पाहिलेली नाही. पण हे मोजता येतं, आणि मोजल्याशिवाय एक रुपयाही खर्च करू नका.

मोजायला गवंड्याची लेव्हलची नळी पुरते. हार्डवेअरच्या दुकानातून २५-३० फूट पारदर्शक नळी आणा, पाण्याने भरा, एकही बुडबुडा राहू देऊ नका, नाहीतर माप खोटं येतं. आत भिंतीवर कोब्यापासून बरोबर १२ इंचांवर खूण करा. एकाने नळीतलं पाणी त्या खुणेला धरायचं, दुसऱ्याने नळीचं दुसरं टोक शटरमधून बाहेर नेऊन भिंतीलगत उभं धरायचं. बाहेर पाणी जिथे स्थिर होईल तिथून जमिनीपर्यंत मोजा. १२ इंच आलं तर पातळी सारखी. १५ आलं तर उत्तम, तुमची जमीन खाली आहे. ५ आलं तर बाहेरची माती आतल्या कोब्यापेक्षा ७ इंच वर चढलीय, आणि ते ७ इंच भिंत चार महिने ओल्या फडक्यात गुंडाळल्यासारखी आहे. लांज्याजवळ एका गॅरेजात मालक शपथेवर सांगत होते की माती वाढलेली नाही. भिंतीला लागून फावडं मारलं तर सहा-सात इंचांखाली जुन्या चुन्याच्या सफेदीची पांढरी कड निघाली. मातीच्या आत कोणी सफेदी करत नाही.

हे माप गणपतीला घरी जाल तेव्हाच घ्या. पाऊस असतो, ओल ताजी असते, सगळं डोळ्यांना दिसतं. त्याच वेळी आणखी तीन गोष्टी बघा. पहिली, ओल कधी वाढते. जोराची सर आल्यावर दोन-चार तासांत भिंत गडद होत असेल तर पाणी आडवं येतंय, म्हणजे वाफा किंवा पागोळ्या. पावसाशी संबंध न ठेवता ती हळूहळू वाढत असेल आणि दिवाळीनंतरही रेंगाळत असेल तर ती खालून चढणारी. दुसरी, पत्र्याच्या पागोळ्या कुठे पडतात. पन्हळ नसेल तर पत्र्याच्या कडेखाली जमिनीत एक चर पडलेला दिसेल, आणि चरातून उडालेला चिखल भिंतीवर फूटभर उंचीपर्यंत ठिपक्यांनी दिसेल. ते ठिपके म्हणजे तुमच्या ओलीची सही. तिसरी, कोब्यावर दीड फूट चौरस जाड प्लॅस्टिक ठेवून चारही कडा टेपने बंद करा. दुसऱ्या दिवशी प्लॅस्टिकच्या खालच्या अंगाला थेंब असतील तर ओल जमिनीतून येते. वरच्या अंगाला असतील तर ती हवेतली आहे, गार कोब्याला सुटलेला घाम. त्याला खिडकी उघडी ठेवणं हाच उपाय.

तुमच्या वर्णनावरून मला यातली दोन-तीन कारणं एकत्र दिसतात. बहुतेक ठिकाणी तसंच असतं. म्हणूनच कामाचा क्रम महत्त्वाचा. आधी वरचं पाणी, मग बाजूचं, मग सांधा, आणि सगळ्यात शेवटी आतली भिंत. लोक नेमकं उलटं करतात, कारण आतली भिंत रोज दिसते.

वरचं पाणी म्हणजे पन्हळ. दोन्ही उतारांना पन्हळ लावा आणि खाली येणारा पाइप भिंतीपासून निदान पाच-सहा फूट लांब नेऊन सोडा. पाइप भिंतीच्या कोपऱ्यातच मोकळा सोडलेला मी इतक्या ठिकाणी पाहिलाय की आता आश्चर्य वाटत नाही. सगळ्या छपराचं पाणी गोळा करायचं आणि ते एकाच कोपऱ्याच्या पायात ओतायचं! पश्चिमेच्या भिंतीवर झडीचा पाऊस थेट मारतो, त्याला पन्हळीने फरक पडत नाही. पूर्वी त्या अंगाला माडाच्या झावळ्यांचे झाप बांधायचे. आता निळी ताडपत्री बांधतात. दिसायला वाईट, पण भिंतीपासून थोडी सुटी बांधली तर चांगली चालते.

बाजूच्या पाण्यावर सगळ्यात जास्त घाम आणि सगळ्यात जास्त फायदा. वाफा हलवावा लागेल. आईंना आधीच सांगून ठेवा, जास्वंद फांदी लावूनही येते. भिंतीलगतची माती आतल्या कोब्यापेक्षा निदान ६ इंच खाली नेता आली तर निम्मं काम तिथेच झालं. उतार आवारातून बाहेर पडत असेल तर ते सहज जमतं. रस्ताच वर असेल तर जमत नाही, मग भिंतीलगत चर खणून काम करावं लागतं.

चर खणताना एक गोष्ट जिवावर बेतू शकते, म्हणून नीट वाचा. त्या काळच्या गॅरेजचा पाया कधीकधी दीड-दोन फूटच खोल असतो. पायाच्या तळाच्या खाली खणायचं नाही, आणि सगळी भिंत एका वेळी उघडी करायची नाही. पाच-सहा फुटांचा एक तुकडा खणा, काम पुरं करा, भरा, मग पुढचा. घाईने जेसीबी लावला तर बकेटच्या एका धक्क्यात चार चिरे हलतात.

उघडी झालेली भिंत तारेच्या ब्रशने साफ करा. चिऱ्यांच्या दर्जा, म्हणजे दोन चिऱ्यांमधल्या फटी, बहुतेक मातीत किंवा चुन्यात भरलेल्या असतील. सुटलेला माल पाऊण इंच खोलीपर्यंत काढून चुना, सिमेंट, वाळू १:१:६ अशा मालाने भरा. जमिनीखालच्या भागावर १:४ चा गिलावा, सात दिवस पाणी मारून, आणि तो सुकल्यावर लेप. इथे लेप शोभतो, कारण पाणी त्याला भिंतीवर दाबतं. आतून मारलेल्या लेपाला तेच पाणी मागून सोलून काढतं. पावडर आणि दुधासारखं द्रव मिसळून होणारा सिमेंट-ॲक्रिलिकचा लेप दोन हातांत, म्हणजे दोन थरांत, दुसरा थर पहिल्याला आडवा. जमिनीच्या वर तो फक्त ६ इंच न्या. त्याच्या वरची भिंत मोकळी ठेवा, तिला श्वास घ्यायचाय.

चरात भरताना काढलेली माती परत टाकू नका. तळाशी छिद्रांचा ४ इंची पाइप, छिद्रं खालच्या बाजूला, १०० फुटांना एक फूट उतार, भोवती खडी, आणि खडीभोवती जिओटेक्स्टाइलचं कापड, म्हणजे माती आत शिरत नाही. पण पाइपाचं तोंड कुठेतरी खाली उघडं पडलं पाहिजे. उतार नसेल तर हा खर्च करू नका. शोषखड्डा करा असं कोणी सांगेल. जुलैत आपल्याकडे शोषखड्डाच भरलेला असतो, तो उलटं पाणी पाठवतो.

वर भिंतीभोवती अडीच-तीन फूट रुंद काँक्रीटचा पट्टा करा, ३ ते ४ इंच जाड, बाहेर उतार तीन फुटांना एक इंच. भिंत आणि पट्टा यांच्यात अर्धा इंच फट ठेवून ती सीलंटने भरा. गवंडी म्हणेल फट कशाला, भिंतीला चिकटवून घेतो. चिकटवलं की पहिल्या उन्हाळ्यात तिथे केसासारखी चीर पडते आणि सगळं पाणी शोधत शोधत त्याच चिरेत जातं.

आता सांधा, जिथून तुम्हाला पाणी दिसतं. बाहेरचं काम झाल्यावर तो आपोआप कोरडा पडतो का, हे एक पावसाळा बघता आलं तर उत्तम. माझ्या अनुभवात बऱ्याच वेळा पडतो. नाही पडला तर भिंतीलगत कोब्यात एक इंच रुंद, एक इंच खोल खाच काढा, आतून थोडी जास्त रुंद, म्हणजे भरलेला माल निसटत नाही. धूळ पूर्ण काढा, खाच ओली करा, पॉलिमर घातलेल्या मालाने ठासून भरा आणि वर दोन इंचांचा वाटा काढा, मोरीच्या कोपऱ्यात काढतात तसा गोलसर. पाणी वाहत असतानाच भरायची वेळ आली तर तीन-चार मिनिटांत घट्ट होणारं प्लगचं सिमेंट मिळतं. पण एकदम सगळं बंद करू नका. एका जागी छोटी नळी बसवून पाण्याला तिथून येऊ द्या, बाकीचा सांधा भरून घट्ट झाला की शेवटी ती नळी काढून भोक बुजवा. आधीच कोंडलंत तर ओल्या मालाला ते दुसरीकडून फोडतं.

आतल्या भिंतीचं काम मी मुद्दाम शेवटी ठेवतो. ओलीच्या रेषेच्या एक फूट वरपर्यंत गिलावा काढून टाका. छिन्नीच्या दांड्याने ठोकत जा, पोकळ वाजेल तिथपर्यंत तो गेलेलाच असतो. चिरे उघडे पडले की त्यांना काही करू नका. शिमग्यापासून मेपर्यंतचं ऊन आणि वारा हेच औषध, शटर दिवसभर उघडं ठेवा. ढोबळ हिशेब असा की भिंत महिन्याला एखादा इंच सुकते. तुमची भिंत एका उन्हाळ्यात आतपर्यंत पूर्ण सुकणार नाही. वर येणारा लोणा कोरड्या ब्रशने झाडा आणि भुकटी गोळा करून बाहेर टाका. पाण्याने धुतलात तर क्षार विरघळून परत आत जातात, हे लोक हमखास करतात. नंतर गिलावा चुन्याचा, किंवा तो गवंडी मिळत नसेल तर १:१:६ चा. वर चुन्याचा हात. पीओपी, पुट्टी, ऑइल पेंट, काहीही नको. गॅरेज आहे, दिवाणखाना नव्हे. हा गिलावा आठ-दहा वर्षांनी खालून खराब झाला तर वाईट वाटून घेऊ नका, तो चिऱ्यांऐवजी झिजला.

भिंत विटांची असती तर आणखी एक उपाय सांगितला असता. खालच्या दर्जेत दर चार-पाच इंचांवर भोकं पाडून सिलेनचं क्रीम भरतात, ते पसरून ओल अडवणारा थर तयार होतो. विटांच्या सरळ भिंतीत ते मी केलंय आणि चाललंय. जांभ्यात पोकळ्या कुठे कशा असतील याचा नेम नाही, क्रीम एखाद्या भोकात जातच राहतं. दोनदा पैसे घालवल्यावर मी जांभ्यात ते बंद केलं.

शटरचा उल्लेख तुम्ही केला नाहीत, पण रस्ता वर असेल तर पाणी तिथूनही येत असणार. दारासमोर आडवी जाळीची नाली आणि शटरच्या रेषेत इंच-दीड इंच उंचीची गोलसर कड, गाडी सहज ओलांडेल अशी. एवढ्याने भागतं.

एक इशारा, चिपळूणचं नाव आलं म्हणून. हे सगळं पावसाच्या आणि जमिनीच्या ओलीसाठी आहे, पुरासाठी नाही. २२ जुलै २०२१ ला वाशिष्ठीचं पाणी शहरात भरलं, तेव्हा काही लोकांनी नंतर मला विचारलं की गॅरेज पाणबंद करून देता का. नाही देत. बाहेर एक मीटर पाणी उभं राहिलं तर भिंतीच्या तळाशी दर चौरस मीटरला एक टनाचा दाब येतो. जुनी चिऱ्याची भिंत तेव्हा आत पाणी येऊ देते म्हणून उभी राहते. तुमचं घर उंचावर असेल तर हा परिच्छेद सोडून द्या.

वेळेचं सांगायचं तर गणपतीत मोजमाप आणि निरीक्षण, दिवाळीनंतर पन्हळ, वाफा हलवणं थंडीत म्हणजे झाडं जगतील, शिमग्यानंतर खोदाई आणि बाहेरचा पट्टा, आतला गिलावा तेव्हाच काढून भिंत उघडी. नवा गिलावा पुढच्या वर्षी. मधला पावसाळा चिरे उघडे दिसतील, दिसू देत. तोवर मांडण्या आणि पोती भिंतीपासून तीन-चार इंच पुढे ओढा, लाकडी फळ्यांखाली विटा सरकवा. ओल्या भिंतीला टेकलेल्या लाकडाला वाळवी आधी लागते.

पन्हळ बसवताना आणखी एक. त्या काळचे सिमेंटचे पत्रे म्हणजे ॲस्बेस्टॉस असण्याची दाट शक्यता. त्यांना ड्रिल मारू नका, करवतीने कापू नका, ती धूळ फुप्फुसात गेलेली चांगली नाही. पन्हळीचे आकडे लाकडी वाश्यांना किंवा भिंतीत रोवलेल्या पट्ट्यांना धरा.

लेव्हलच्या नळीचं माप आलं की सांगा, पश्चिमेचं आणि शटरच्या बाजूचं वेगवेगळं. पश्चिमेला माती आतल्या कोब्यापेक्षा फूटभर वर निघाली तर खोदाईआधी एका कोपऱ्यात छोटा खड्डा घेऊन पाया किती खोल आहे ते बघावं लागेल, आणि तो दीड फुटाच्या आत निघाला तर चराचं काम जागा पाहिलेल्या माणसाकडूनच करून घ्या.